धरण्याची परवानगी: अकरा दिवस आणि एक अभिप्राय

अर्ज करण्यापूर्वी मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतो. पोलीस ठाण्यात तोंडी मिळालेला 'नाही' हा नकार नसतो. त्याच्याविरुद्ध वर दाद मागता येत नाही, कोर्टात काही दाखवता येत नाही, आणि उद्या कुणी विचारलं तर 'आम्ही कुठे नाही म्हटलं?' हे उत्तर तयार असतं.

आमचा विषय होता नक्षलवादाला आळा घालण्यासाठी म्हणून आणलेलं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. जून २०२५ मध्ये ते अजून विधिमंडळाच्या संयुक्त समितीपुढे होतं. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर ११ ते २ धरणं, दीडशेच्या आसपास माणसं, एक मंडप, एक माईक, शेवटी निवेदन. १७ जूनच्या कार्यक्रमासाठी ६ जूनला अर्ज दिला. जागेची ना हरकत, मंडपवाला, माईकवाला हे सगळं दोन दिवसांत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते 'अभिप्राया'पाशी.

अर्ज ठाण्यातून गोपनीयकडे, म्हणजे माहिती काढणाऱ्या पोलिसांकडे जातो, तिथून जिल्हा विशेष शाखेकडे, आणि तिथला अभिप्राय आला की ठाण्याचे पीआय, म्हणजे पोलीस निरीक्षक, परवानगीच्या कागदावर सही करतात. हा अभिप्राय कधी यायला हवा याची मुदत आम्हाला कुणी सांगू शकलं नाही. रोज एकच वाक्य: 'वरून आलं नाही.' आधी बकरी ईदचा बंदोबस्त होता. मग पालखीसाठी माणसं बाहेर जाणार होती. मग कळलं, 'विषय संवेदनशील आहे.' का, तर विधेयकात नक्षलवाद आहे आणि तुम्ही विधेयकाला विरोध करताय. कायद्याला विरोध आणि कायदा ज्यांच्यासाठी केलाय त्यांना पाठिंबा, या दोन गोष्टी त्या टेबलावर इतक्या सहज एक झाल्या की मला पहिल्यांदा उत्तरच सुचलं नाही.

चौथ्या दिवशी शेवटचं अस्त्र निघालं: 'तसंही ३७ (३) लागू आहे.'

इथे जरा थांबतो, कारण नव्वद टक्के लोक इथूनच घरी परततात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटकलम (१) खाली शस्त्रं, लाठ्या, दगड, स्फोटकं बाळगणं, प्रतिमांचं प्रदर्शन, प्रक्षोभक घोषणा वगैरेंवर बंदी घालता येते. पोटकलम (३) खाली जमाव आणि मिरवणुकीवर बंदी घालता येते, पण राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांहून जास्त नाही. म्हणूनच हे आदेश पंधरा-पंधरा दिवसांचे निघतात, आणि अनेक ठिकाणी वर्षभर एकामागून एक निघत राहतात. तारखा बदलतात, मजकूर तोच. कारणांच्या रकान्यात आगामी सण, जयंत्या आणि 'विविध संघटनांची आंदोलने' असतात. म्हणजे आंदोलन होणार म्हणून आदेश, आणि आदेश आहे म्हणून आंदोलन नाही.

आदेशाची प्रत मागा. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात, तेव्हाच्या कलम १४४ बद्दल, स्पष्ट सांगितलंय की असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत, त्यांत ठोस कारणं हवीत, आणि रास्त मतप्रदर्शन दाबायला ते वापरता येत नाहीत. आज ते कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ आहे. ३७ चा आदेश वेगळ्या कायद्याखालचा असला तरी मुद्दा इथेही तितकाच लागू पडतो. आम्हाला प्रत अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळाली, दोन पानांची. ती शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचा. लग्न, अंत्ययात्रा आणि 'सक्षम पोलीस अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी असलेले कार्यक्रम' यांना आदेश लागू नाही, असं आमच्या प्रतीत शेवटून दुसऱ्या ओळीत छापलेलं होतं. ज्या कागदामुळे परवानगी देता येत नाही म्हणत होते, तोच कागद परवानगी देण्याची सोय सांगत होता. मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि टेबलावर ठेवली. जमादारांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, 'हे साहेबांना दाखवा.'

(अर्ज तीन प्रतींत न्या. 'ठेवून जा' म्हटलं तर जाऊ नका. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय पोच झाली असं समजू नका. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.)

साहेबांपुढे काय बोलायचं याची तयारी करून गेलो होतो. राम मनोहर लोहियांच्या खटल्यात न्या. हिदायतुल्लांनी तीन वर्तुळं सांगितली आहेत, एकात एक. सगळ्यात मोठं कायदा आणि सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यात आत राज्याच्या सुरक्षेचं. ट्रॅफिक अडेल, माईकचा आवाज होईल, दुकानदार कुरकुरतील, हे बाहेरच्या वर्तुळातलं. यूएपीए या दहशतवादविरोधी केंद्रीय कायद्याचं कलम १५, म्हणजे दहशतवादी कृत्याची व्याख्या, सगळ्यात आतल्या वर्तुळासाठी आहे. अडचण अशी की त्या व्याख्येत बॉम्ब, स्फोटकं, विषारी पदार्थ यांच्या यादीनंतर 'अन्य कोणत्याही प्रकारच्या साधनाने' असे शब्द आहेत. तिथून दार उघडं राहतं. आणि ते दार लहानसहान नाही: एकदा कलम लागलं की आरोपपत्राची मुदत ९० ऐवजी १८० दिवसांपर्यंत नेता येते आणि ४३ड (५) खाली जामीन जवळपास बंद. जनसुरक्षा विधेयकाच्या व्याख्येत तर सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे कल असलेली कृतीसुद्धा होती. म्हणजे मधलं वर्तुळ, आणि तेही नुसत्या 'कल असण्या'वर. आमचा आक्षेप नेमका हाच, आणि तो मांडायला परवानगी मागताना तोच अनुभव येत होता.

निकाल जोडायचे तर कोणते, हेही महत्त्वाचं. औरंगाबाद खंडपीठाचा फेब्रुवारी २०२० चा निकाल जोडा. माजलगावच्या धरण्याआड येणारा कलम ३७ चा आदेश त्यात रद्द झाला, आणि एका कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून लोकांना देशद्रोही म्हणता येणार नाही असंही न्यायालयाने म्हटलं. आपल्याच उच्च न्यायालयाचा, आपल्याच कलमाबद्दलचा. याहून उपयोगी कागद नाही. दिल्ली दंगलीच्या यूएपीए खटल्यातला दिल्ली उच्च न्यायालयाचा १५ जून २०२१ चा जामिनाचा निकाल मात्र जोडू नका. निषेधाचा हक्क आणि दहशतवादी कृत्य यांच्यातली रेषा पुसट होतेय, हे त्यातलं म्हणणं सगळ्यांना आवडतं, पण तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तो इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं. अधिकाऱ्याला हे माहीत असेल तर तुमचा बाकीचा अर्जही हलका होतो. शाहीनबागेचा निकाल ते तुमच्यावर फेकतील. शांतपणे सांगा की तो सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवण्याबद्दल आहे, आपला कार्यक्रम ठरलेल्या जागी तीन तासांचा आहे.

चौकशीत सहभागी होणाऱ्या सगळ्यांची नावं आणि आधार क्रमांक मागितले. तीन जबाबदार आयोजकांची नावं, फोन, अंदाजे संख्या आणि वक्त्यांची नावं दिली. पूर्ण यादीसाठी म्हटलं, कोणत्या तरतुदीखाली हवी ते लेखी द्या. ते पत्र काही आलं नाही.

१५ तारखेला रात्री साडेनऊला घरी नोटीस आली, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, जुन्या भाषेत १४९ ची. अनुचित प्रकार घडल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल वगैरे. घाबरू नका. ही परवानगी नाही आणि नकारही नाही. घ्या, आणि सहीच्या वर 'मिळाली, मजकूर मान्य नाही' असं लिहून तारीख-वेळ टाका. नोटीस झुगारून गेलात असं दाखवून उद्या चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, करायची झाली, तर ही ओळ कामी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस अधीक्षक कार्यालयात एक पानाचं पत्र दिलं: परवानगी द्या, किंवा कारणांसह लेखी नकार द्या. आधार माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ (१) (घ) चा, ज्यात प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं बंधनकारक आहे. संध्याकाळपर्यंत काही न मिळाल्यास खंडपीठात जाऊ, हेही लिहिलं. वकिलांशी बोलून ठेवलेलं होतं. नुसती धमकी लिहू नका.

पावणेसातला परवानगी मिळाली. बावीस अटी. बऱ्याचशा रास्त: रस्ता मोकळा, ॲम्ब्युलन्सला वाट, पुतळे जाळायचे नाहीत. शेजारी कोर्ट असल्यामुळे शंभर मीटरचा शांतता क्षेत्राचा नियम लागत होता, म्हणून मंडप गेटपासून मागे घ्यावा लागला. ही चूक आमची, जागा पाहतानाच टेप लावायला हवी होती. पण चौदावी अट होती: 'शासनविरोधी घोषणा देऊ नयेत.' शासनाच्या विधेयकाविरुद्धच्या धरण्यात! मी तिथेच उभा राहिलो. साहेबांनी अट वाचली, पेन घेतलं, 'शासनविरोधी' खोडून वर 'प्रक्षोभक' लिहिलं आणि बाजूला छोटी सही केली. अशी दुरुस्ती झाली तर ती सही दोन्ही प्रतींवर आहे ना ते बघून घ्या. आमच्या प्रतीवर करायची राहून गेली होती, परत जिना चढावा लागला.

१० जुलैला विधेयक विधानसभेत मंजूर झालं. समितीने केलेल्या बदलांत 'व्यक्ती' हा शब्द गेला आणि रोख कडव्या डाव्या संघटनांवर आला. सुव्यवस्थेला 'अडथळा आणण्याकडे कल' या भाषेवरचा आक्षेप आमच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर होता. पुढच्या धरण्याच्या अर्जालाही तोच परिच्छेद जोडलाय. परवानगीच्या पत्राच्या तीन झेरॉक्स काढा, त्यातली एक माईकवाल्याच्या खिशात राहू द्या. पोलिसांची गाडी आली की पहिला प्रश्न त्यालाच विचारतात.