इंदूरच्या छत्र्यांपाशी चकवा: एका रात्रीचा खेळ

टेबलाभोवती बसून, पात्रं होऊन गोष्ट खेळायची: चार खेळाडू, गोष्ट सांगणारा एक सूत्रधार, तीन तास. कृष्णपुरा छत्र्यांवरून खान नदीकाठाने निघायचं, पहाटेआधी बाळंतिणीसाठी वैद्यबुवांना आणायचं. ही घाई हवीच, नाहीतर खेळ थांबतो. चकवा लागला, म्हणजे वाट चुकून त्याच जागी फिरत राहिलं, की उजाडेपर्यंत बसून राहावं हे आजीकडून ऐकलेलं असतंच, आणि कुणीतरी खुशाल बसून घेतं.

रात्रीचे चार प्रहर म्हणून मधोमध चार कवड्या ठेवा. वाट शोधायला वीस बाजूंचा फासा, बारा किंवा जास्त हवेत. इथेच बहुतेक खेळ फसतात: सुटका एकाच फाशावर टांगली, तर 20 पैकी 11 वेळा मंडळी तिथंच अडकतात आणि कंटाळतात. म्हणून फासा हुकला तरी वाट पुढे न्या, फक्त एक कवडी उचला आणि त्यांना पुन्हा त्याच पिंपळाखालून न्या.

पिंपळाचं वर्णन दर खेपेला शब्दशः तेच करा, एकच गोष्ट बदला. आधी पणती भरलेली, मग तेल निम्मं, मग नुसती काजळलेली वात. भीती त्यातूनच येते, किंकाळ्यांतून नाही. मुंजा, म्हणजे पिंपळावरचं मुंज झालेल्या मुलाचं भूत, शेवटच्या कवडीलाच समोर आणा, आणि त्याने सोडमुंज, म्हणजे मुंजीचं ब्रह्मचर्य संपवणारा विधी, मागावी. त्याच्याशी तलवारीने लढू देऊ नका. खेळाडूंनी जानवं, पळी-पंचपात्र वगैरे काही सुचवलं, की फासा न टाकता मान्य करा.