गाडी २०१६ सालात अडकली होती: अँड्रॉइड ऑटोचा माझा अनुभव

घाईत असाल तर आधी एवढंच वाचा. फोन वायरने गाडीला जोडला की चार्ज होतोय, ब्लूटूथवर कॉल लागतायत, गाणी वाजतायत, पण अँड्रॉइड ऑटो (फोनचा नकाशा, मेसेज गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय) काही केल्या उघडत नाही, आणि हे सगळं गाडीची बॅटरी बदलल्यावर सुरू झालंय? मग गाडीच्या स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख बघा. घड्याळ बरोबर दिसतंय म्हणून सोडून देऊ नका, साल बघा. ते बरोबर निघालं तरच पुढचं वाचा.

मला हे कुणीच सांगितलं नाही. मला सांगितलं गेलं ते एकच वाक्य, आणि ते इतक्या तोंडांतून ऐकलं की अजून कानात घुमतंय: ‘सर, फोन का इश्यू है.’

आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरचे. गाडी मधल्या व्हेरिअंटची, म्हणजे स्क्रीन आहे पण गाडीचं स्वतःचं नेव्हिगेशन नाही. नकाशा हवा तर फोन जोडायचा. धुळ्याला आत्याकडे लग्नाला जायचं होतं, म्हणून सर्व्हिसिंग उरकून घेतलं. बॅटरी मान टाकत आली होती, तीही तिथेच बदलली. त्यानंतर पहिल्यांदा वायर लावली, तर स्क्रीनवर अँड्रॉइड ऑटोचं चिन्ह आलं, चक्र फिरत राहिलं, फोनवर ‘गाडीशी संपर्क होत नाही’ अशा अर्थाची सूचना आली आणि स्क्रीन परत रेडिओवर. पुन्हा लावा, पुन्हा तेच.

पहिला संशय वायरवर घेतला. तो घ्यावाच. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. स्वस्तातल्या पुष्कळ वायरींत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. फोन मस्त चार्ज होतो आणि आपण समजतो वायर चांगली आहे. जेल रोडवर नॉव्हेल्टी मार्केटजवळ दुकानदाराला विचारलं, ‘यात डेटा चालतो का?’ तर म्हणाला, ‘भिया, फास्ट चार्जिंग है.’ पुन्हा विचारलं, पुन्हा फास्ट चार्जिंग. लॅपटॉप बरोबर नेला होता. काउंटरवरच लावून बघितलं. फोनने ‘फाइल ट्रान्सफर’ विचारलं तर वायर डेटाची, नुसतं चार्जिंग दाखवलं तर परत द्यायची. लांबी एक मीटरच्या आत ठेवा, लांब वायरीवर मध्येच तुटतं. त्या दुकानात चांगली वायर मिळाली, पण गाडी ढिम्म.

फोनमधले उपाय तर घरबसल्या झाले: अँड्रॉइड ऑटोची कॅशे (साठलेली तात्पुरती माहिती) साफ करणं, जुन्या जोडलेल्या गाड्या विसरायला लावणं, गाडीच्या ब्लूटूथ यादीतून फोन काढून नव्याने जोडणं. उपयोग शून्य. मग बायकोचा फोन लावला. वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या वर्षाचा. तोही तसाच अडला. इथे माझ्यापुरता निकाल लागला होता. दोन वेगळे फोन एकाच जागी अडत असतील, वायर लॅपटॉपवर चालत असेल, तर दोष उरतो गाडीकडे. एवढा साधा हिशोब. पण हा हिशोब देवास नाक्याकडच्या सर्व्हिस सेंटरच्या त्या चकचकीत काउंटरच्या पलीकडे काही केल्या पोचेना.

कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळीकडे हेच चालत असावं. काउंटरवर टॅबलेट घेतलेला तरुण सर्व्हिस अॅडव्हायजर. त्याने जॉब कार्डवर माझी तक्रार लिहिली: ‘मोबाइल कनेक्ट नहीं हो रहा.’ मी म्हटलं, मोबाइल कनेक्ट होतोय, अँड्रॉइड ऑटो चालत नाही. तो म्हणाला, एकच ना सर. मग माझ्याबरोबर गाडीत येऊन बसला, स्वतःच्या खिशातला फोन काढला, ब्लूटूथवर जोडला आणि गाणं लावलं. ‘देखिए सर, चल तो रहा है.’ आवाज जरा वाढवलाही.

हा प्रयोग माझ्यावर वेगवेगळ्या माणसांनी केला. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी गाणं. ब्लूटूथवर कॉल आणि गाणी जातात ती एक वेगळी वाट. अँड्रॉइड ऑटोमध्ये फोन आपला नकाशा, मेसेज, सगळा पडदाच गाडीच्या स्क्रीनवर मांडतो, त्याची देवाणघेवाण वेगळी. एक चालतं म्हणून दुसरं चालेलच असं नाही. हे मी काउंटरवर उभं राहून, लाउंजमध्ये बसून, एकदा तर गाडीच्या बॉनेटला टेकून समजावलं. ऐकणारा मान डोलवायचा आणि म्हणायचा, ‘सर, एक बार फोन अपडेट कर लीजिए.’

बायकोचा फोन दाखवला. ‘दोनों में सेम इश्यू होगा सर.’ यावर काय बोलणार?

मग स्कॅन. डायग्नोस्टिकचं यंत्र गाडीला लावलं, त्याचे पैसे वेगळे, आणि तासाभराने निरोप आला की एकही फॉल्ट कोड नाही, सिस्टम ओके. त्या यंत्राला तारीख चुकलेली कळत नाही, कारण चुकलेली तारीख हा काही बिघाड नव्हे. पण ‘सिस्टम ओके’ हा कागद हाती आल्यावर काउंटरला जो आत्मविश्वास चढला! आता तर यंत्रच सांगतंय, फोनचाच दोष. पुढच्या खेपेला वरचे साहेब आले. त्यांनी वेगळाच सूर लावला: हेड युनिट (म्हणजे स्क्रीनचं यंत्रच) गेलं असेल, वॉरंटी संपली आहे, नवीन टाकावं लागेल. किंमत ऐकून मी पाणी मागितलं. तोवर ‘कंपनी को मेल डाल दिया है’ या आश्वासनावर थांबायचं. मेलचं उत्तर कधी येईल? ‘आ जाएगा सर.’ लाउंजमध्ये टीव्हीचा आवाज बंद, कॉफीच्या मशीनवर ‘आउट ऑफ ऑर्डर’ची चिठ्ठी, आणि लग्नाची तारीख जवळ येतेय.

इथेच एक सांगून ठेवतो. जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, त्यांच्या शब्दांत नको. मी शेवटी हट्टाने नवं कार्ड काढायला लावलं: ‘बॅटरी बदलल्यापासून वायरवर अँड्रॉइड ऑटो चालत नाही. ब्लूटूथ चालतं. दोन फोन, तपासलेली वायर.’ अॅडव्हायजरचं तोंड वाकडं झालं, पण ‘बॅटरी बदलल्यापासून’ हे शब्द कागदावर आल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी वर्कशॉपमधून माणूस बोलावला. याच्याआधी सगळं काउंटरवरच चाललं होतं. सगळंच अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मला लावावा लागला नाही, पण नुसतं तोंडून काढल्यावर साहेबांचा सूर उतरला.

वर्कशॉपमधून आलेला पोरगा शांत होता. त्याने विचारलं, फॅक्टरी रीसेट करू? मी हो म्हटलं. रीसेट झालं. माझी सगळी रेडिओ स्टेशनं गेली, आवाजाची बसवलेली पट्टी गेली, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ १२:०० वर आलं. पोराने सेटिंग उघडून पटापट बाण दाबत तास आणि मिनिटं जुळवली. मी शेजारच्या सीटवर वाकून बघत होतो. वेळेच्या खाली, बारीक राखाडी अक्षरांत आणखी एक ओळ होती: ०१/०१/२०१६.

मी म्हटलं, ‘भैया, ये साल?’

‘वो कुछ नहीं सर, टाइम तो सही कर दिया.’

आणि तो मेनू बंद करू लागला. मी त्याचा हात धरला, अगदी खरोखर धरला. स्वतः दिवस, महिना, साल बसवलं. वायर लावली. फोनने परवानग्या विचारल्या, कॉन्टॅक्ट, लोकेशन, सूचना, आणि स्क्रीनवर देवास नाक्याचा नकाशा. पोरगा म्हणाला, ‘अरे!’ मी काही बोललो नाही, पण काउंटरकडे जाताना चाल बदलली होती हे बायकोने नंतर सांगितलं.

झालं होतं असं. बॅटरी काढली की स्क्रीनचं घड्याळ पुसलं जातं आणि कारखान्यात भरलेल्या तारखेवर जातं. ज्या गाड्यांत जीपीएसचं नेव्हिगेशन असतं, त्यातल्या बऱ्याच उपग्रहाकडून वेळ आणि तारीख आपोआप घेतात. माझी घेत नाही. सर्व्हिसिंगवाल्यांनी बॅटरी बसवून फक्त तास-मिनिटं लावली, कारण मुख्य स्क्रीनवर तेवढंच दिसतं. गाडी रोज बरोबर वेळ दाखवत २०१६ सालात हिंडत होती.

आता तारखेचा आणि नकाशाचा काय संबंध? पुण्याचा भाचा याच धंद्यात आहे, त्याने फोनवर उलगडून सांगितलं. ‘मामा, जोडणी सुरू होताना फोन आणि गाडी एकमेकांना डिजिटल प्रमाणपत्र दाखवतात. त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध ते लिहिलेलं असतं. तुझ्या गाडीच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच व्हायचं होतं, म्हणून तिने नकार दिला.’ जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा सेल गेला आणि तारीख मागे गेली की ब्राउझर एकामागून एक वेबसाइट असुरक्षित म्हणून नाकारतो, तोच प्रकार. ब्लूटूथच्या जोडणीत ही तारखेची तपासणी नाही, म्हणून गाणी आरामात वाजत होती.

बिलात स्कॅनचे पैसे लावले होते. मी त्यांचंच जुनं जॉब कार्ड पुढे ठेवलं, बॅटरी तुम्हीच बदललीत आणि तारीख तुम्हीच लावली नाहीत. थोडी चिवचिव झाली, पैसे कमी झाले. शेवटच्या कार्डावर कामाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘मोबाइल सेटिंग की गई.’ मी ते खोडून ‘गाड़ी की डेट सेटिंग’ लिहून घेतल्याशिवाय किल्ली उचलली नाही. बायको बाहेर गाडीत हॉर्न वाजवत होती.

आठवतील तसं आणखी काही. गाडीत यूएसबीची दोन-तीन भोकं असली तरी डेटाचं बहुधा एकच असतं, त्याच्याजवळ फोनचं किंवा यूएसबीचं चिन्ह बघा. मागच्या सीटची बहुधा फक्त चार्जिंगची असतात. फोनच्या भोकात कापसासारखा मळ साचतो आणि वायर पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई घालू नका.

वायरशिवाय जोडणाऱ्यांचं दुखणं वेगळं. तिथे ब्लूटूथवर नुसती ओळख होते, खरी ये-जा वायफायवरून होते, आणि त्यासाठी फोन बहुधा अँड्रॉइड ११ किंवा पुढचा लागतो. शेजारच्या वहिनींच्या फोनवर ऑफिसचं व्हीपीएन (इंटरनेट ऑफिसच्या वाटेने फिरवणारी सोय) सतत चालू असायचं, ते बंद केल्यावर त्यांचं जोडलं गेलं. फोनची बॅटरी वाचवण्याची सोयही अँड्रॉइड ऑटोला मध्येच झोपवते, त्याला त्यातून सूट द्या.

बॅटरी बदलल्यावर काच एका बोटात वर जाण्याची सोयही काही गाड्यांत विसरली जाते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरलं की बहुधा परत शिकते. आमची शिकली.

धुळ्याच्या वाटेवर घाटात नेटवर्क येतं-जातं. जोडणी कितीही पक्की असली तरी तो नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.