बेचक्यात अडकलेला पाचोळा

आज कचरा प्रकल्पाची, म्हणजे कचरा पुरायच्या भरावाची, नियोजित जागा बघून आलो. कागदावर ओढ्यापासून ‘पुरेसं अंतर’ आहे. प्रत्यक्षात काठावरच्या झाडाच्या बेचक्यात, माझ्या डोक्याच्याही वर, वाळलेला पाचोळा आणि चिंध्या अडकलेल्या. म्हणजे पुराचं पाणी तिथवर येऊन गेलंय. अहवाल बहुतेक उन्हाळ्यात लिहिला असावा!

सोबतचे साहेब म्हणाले, "काळजी नको, खाली प्लास्टिकचं अस्तर घालणार आहोत." हे अस्तर साधारण 1.5 मिलिमीटर जाडीचं असतं. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी त्यावर साठतं आणि ते सतत उपसावं लागतं. नव्या भरावातल्या अशा पाण्याचा बीओडी (म्हणजे त्यातली घाण कुजवताना जीवाणू पाण्यातला किती प्राणवायू खातात त्याचं माप) लिटरला 10,000 मिलिग्रॅमच्याही वर जाऊ शकतो. घरगुती सांडपाण्याचा असतो 200-300. शिवाय अमोनिया, जो माशांना थोडाही सोसत नाही. आणि भराव बंद केला म्हणून झिरपणं थांबत नाही, पुढे कित्येक दशकं चालूच.

"तोवर पंप कोण चालवणार?" विचारलं. साहेबांनी फाईल मिटली.

निघताना सहज बुटाच्या टाचेने जमीन उकरली. वीतभर खालीच ओल लागली.