आमची वाटचाल: आरागिरणीतून प्रयोगशाळेत

नागपूरच्या लकडगंजात बाबांची आरागिरणी. पट्टा फिरला की भुशाच्या वासावरून ते साग की बिजा हे सांगत. मी एम.एस्सी. करून हिंगणा एमआयडीसीत दोन खोल्यांत लाकूड तपासणीची लॅब टाकली, तेव्हा आत्याने विचारलं, "भुसा उकळून पोट भरते का बाप्पा?"

दोन वर्षं नुसता ओलावा मोजला. मग लाकूडचुरा दाबून मूर्ती बनवणारा एकजण पिशवी घेऊन आला. सागाचा म्हणून घेतलेल्या मालात पॅकिंगच्या खोक्यांचं चीड, म्हणजे पाइनचं लाकूड, आहे का? चुरा इतका बारीक की सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी धड दिसेना. तेव्हा लिग्निनला विचारायचं ठरवलं.

लिग्निन म्हणजे लाकडाच्या धाग्यांना चिकटवून ठेवणारी गुंतागुंत. ती आहे तशी विरघळत नाही, म्हणून तोडूनच बघावी लागते. चुऱ्यात कॉस्टिक सोडा आणि लिग्निनचे तुकडे पाडणारं नायट्रोबेंझीन हे रसायन घालायचं, पोलादी भांडं घट्ट बंद करून 170 अंशांवर दोन-अडीच तास ठेवायचं. चिडातून मुख्यतः व्हॅनिलिन निघतं, सागातून व्हॅनिलिनसोबत सिरिंजाल्डिहाइडही; दोन्ही लिग्निनचेच तुकडे. दोघांचं प्रमाण काढलं की भेसळ उघडी पडते. मात्र आधी माहीत असलेल्या चुऱ्यांची मिश्रणं स्वतः करून तक्ता बांधावा लागतो; आमचा पावसाळा त्यातच गेला.

पहिल्याच खेपेला भांड्याचं गॅस्केट गळलं. खोलीभर बूट-पॉलिशचा वास. नायट्रोबेंझीन कातडीतूनही आत जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घालवतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरी फ्यूम हूडचे, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचे, पैसे वाचवले होते. चूक माझीच. लॅबमधल्या दोन्ही मुलांना बाहेर काढलं, आठवडाभर लॅब बंद ठेवली आणि कर्ज काढून हूड बसवलं.

नमुन्यात चीड निघालं. ग्राहक खूश, पण बिल देताना म्हणाला, "ताई, लिग्निन एवढंच असते का?" नसतं. काही तुकडे एकमेकांना कार्बन-कार्बन बंधांनी जोडलेले असतात, ते या पद्धतीने सुटे होत नाहीत. म्हणून अहवालात आम्ही 'निघालेले तुकडे' लिहितो, 'संपूर्ण लिग्निन' कधीच नाही.

ईथर बंध, म्हणजे ऑक्सिजनमधून जुळलेले सांधे, नेमके तोडायला थायोअ‍ॅसिडोलिसिस ही दुसरी पद्धत आहे. त्याला इथेनथायॉल लागतं, म्हणजे गॅस सिलिंडर गळल्यावर येतो तोच वास. शेजारी फरसाणवाला आहे. तूर्त ते काम आम्ही घेत नाही.