कार्लिंगफर्ड: लेप्रिकॉनच्या डोंगरावर जाणार असाल तर

आयर्लंडमधलं हे गाव डब्लिनहून एका दिवसात आरामात होतं. गाडीने दीडेक तास, नाहीतर कॉनली स्टेशनवरून ट्रेनने डंडॉक आणि पुढे बस, फक्त परतीच्या बसची वेळ आधी बघून ठेवा.

गावात पोचलं की सगळे पहिले ओहेअरच्या पबमध्ये घुसतात. 1989 मध्ये मालक पी. जे. ओहेअर यांना वर स्लीव्ह फॉय डोंगरावर लेप्रिकॉनचा, म्हणजे आयरिश लोककथांमधल्या बुटक्या माणसाचा, चिमुकला सूट, हाडं आणि सोन्याची नाणी सापडली असं ते सांगायचे, त्यातलं काही तिथे काचेत मांडलंय. बघाच, पण माझं ऐकाल तर आधी डोंगर चढा, कारण गोष्ट त्या काचेपेक्षा फार फार जुनी आहे.

गावामागून वाट चढत खिंडीत आलात की खाली खाडी, पलीकडे मॉर्नचे डोंगर, आणि त्यांच्या मागे, इथून दिसत नाही पण आहे, डंड्रमचा उपसागर. जुनी गोष्ट अशी: अल्स्टरचा, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागाचा, राजा फर्गस समुद्राकाठी झोपला होता, तर बुटक्या लोकांनी त्याला उचलून पाण्यात न्यायला घेतलं, पाय गार पाण्याला लागले तसा तो जागा झाला आणि तिघांना धरलं. सोडायच्या बदल्यात त्यांनी त्याला पाण्याखाली फिरायची विद्या दिली, फक्त एका पाण्यात उतरायचं नाही ही अट. ते पाणी म्हणजे डंड्रमचंच मानतात. तो उतरला, आत राक्षसी जनावर बघितलं आणि भीतीने तोंड कायमचं वाकडं झालं! यात आज चित्रांत दिसणाऱ्या लेप्रिकॉनचा ना हिरवा कोट ना सोन्याचा हंडा, एकटाच बसून बूट शिवणारा म्हातारा तर खूप नंतर आला, आणि त्याचाही कोट आधी लालच सांगायचे. मला हा जुना, पाण्यातला लेप्रिकॉन जास्त खरा वाटतो.

डोंगरावर या छोट्या लोकांना युरोपियन कायद्याचं संरक्षण आहे असा बोर्डही आहे, गावच्या केव्हिन वूड्स यांनी त्यासाठी खूप वर्षं पाठपुरावा केला.

खिंडीपर्यंत टॉइन वे या पायवाटेच्या खुणा आहेत, शिखर 589 मीटर, वरचा भाग खडकाळ आणि ओला, धुकं उतरलं की वाट दिसत नाही तेव्हा सरळ मागे फिरा. चांगले बूट हवेतच. माळावर एकटं काटेरी हॉथॉर्नचं झाड दिसलं तर फांदी तोडू नका, आयर्लंडमध्ये ते त्या लोकांचं मानतात.

आणि भारतीय पासपोर्टवाल्यांनो, न्यूरीमार्गे परत यायचा विचार असेल तर ते युकेत येतं, सीमेवर कोणी थांबवत नाही म्हणून फसू नका, व्हिसा दोन्हीकडे चालतो का ते निघायच्या आधी तपासा.