कोटाची भिंत शोधायला निघालात तर

आमच्या अकरावीच्या गटाने शहर-प्रकल्पासाठी एकच प्रश्न घेतला: मुंबईच्या फोर्टमध्ये किल्ला कुठे आहे? पुढच्या वर्षी प्रकल्प करणाऱ्यांना पहिलं सांगणं हेच, की प्रश्न छोटा घ्या. 'मुंबईचा इतिहास' असा विषय घेतला की नेटवरचे परिच्छेद इकडून तिकडे जातात आणि पायांना काही कामच उरत नाही. भिंत शोधायची म्हटलं की चालावं लागतं.

निघण्याआधी एवढं माहीत हवं. ईस्ट इंडिया कंपनीच्या शहराभोवती तटबंदी होती, बाहेर खंदक. दरवाजे तीन: दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्च गेट, उत्तरेला बाजार गेट. १८६०च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तट पाडला गेला. आत दाटी झाली होती, तटाचा लष्करी उपयोग संपला होता आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात धो धो येत होता. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ सालचं, म्हणजे ऐन त्या धामधुमीतलं. भाषा जुनी आहे, पण दहा पानांनंतर सवय होते. ते वाचूनच निघा.

आम्ही सीएसएमटीला उतरलो. स्वच्छतागृह स्टेशनवरच उरकून घ्या, पुढे पटकन सापडत नाही. सुरुवात सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातून करा, कारण भिंतीचा खराखुरा तुकडा इथेच बघायला मिळतो. हा १७६९च्या सुमारास बांधलेल्या फोर्ट जॉर्जचा भाग. काळा दगड, जाड भिंत, सांध्यांतून उतरलेली मुळं. हात लावला तर भर उन्हातही दगड गार लागतो. आमच्यातली एक मैत्रीण दहा मिनिटं नुसती दगडांच्या सांध्यांची चित्रं काढत बसली होती आणि अहवालातलं सगळ्यात चांगलं पान तेच झालं. पण हे हॉस्पिटल आहे. सुरक्षारक्षकाला कॉलेजचं पत्र दाखवून परवानगी घ्या, आवाज कमी ठेवा आणि रुग्णांचे किंवा नातेवाइकांचे फोटो अजिबात काढू नका.

तिथून पेरिन नरीमन स्ट्रीटने दक्षिणेला चला. हीच जुनी बाजारगेट स्ट्रीट. दुकानदारांशी बोलायचं असेल तर कामाच्या दिवशी सकाळी, धंद्याची गर्दी व्हायच्या आत जा. 'काका, दोन मिनिटं आहेत का?' असं विचारलं की बहुतेक जण बोलतात. प्रश्नावली हातात धरली की आखडतात. मोजमाप आणि नकाशाचं काम मात्र रविवारी करा, रस्ते मोकळे असतात.

पुढे हॉर्निमन सर्कल. इथलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ सालचं. चर्च गेटला नाव मिळालं ते याच चर्चमुळे. आत भिंतींवर स्मृतिशिला आहेत. त्यांवरची वयं वाचा. आपल्यापेक्षा थोड्याच मोठ्या मुलांची नावं येतात, तेव्हा तारखा नुसत्या तारखा राहत नाहीत. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा. समोर एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, १८३३चा. त्याच्या मागच्या बाजूला बॉम्बे कॅसल या जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, पण तो भाग नौदलाच्या ताब्यात आहे. तिकडे कॅमेरा रोखू नका.

मग हुतात्मा चौक. चर्च गेट साधारण इथेच होतं. तट गेला आणि १८६४मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. शेजारीच संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका, प्रकल्पाचा विषय वेगळा असला तरी. तिथून महात्मा गांधी रोडने काळा घोड्याला या. के. दुभाष मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटालगतचा रस्ता. भिंत गेली, तिची रेघ रस्त्यांत राहिली. जुना नकाशा मोबाइलमधल्या नकाशाशेजारी ठेवून पाहिला की ती ओळखू येते.

आणि ओव्हल, क्रॉस, आझाद मैदान? तोफांच्या माऱ्याच्या टप्प्यात आडोसा नको म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवलेली होती, त्या एस्प्लनेडचे हे उरलेले तुकडे. आपण जिथे क्रिकेट खेळतो ती जागा युद्धाच्या भीतीने राखलेली आहे, हे मला या सगळ्या प्रकल्पात सर्वांत मोलाचं वाटलं. अहवालात त्याला निदान दोन पानं द्या.

ऊन टाळायला दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून परत या. पाणी प्रत्येकाने आपापलं घ्यावं. पावसाळा टाळा, छत्री, वही आणि मोजपट्टी एकत्र सांभाळता येत नाहीत. पाच जणांपेक्षा मोठा गट नको, नाहीतर फूटपाथवर थांबून बोलताच येत नाही.

काम पुढे न्यायचं असेल, तर १८०३ची आग घ्या. कोटाचा उत्तरेकडचा बराच भाग तेव्हा जळाला आणि त्यानंतर वस्ती तटाबाहेर वाढत गेली. त्यासाठी सीएसएमटीवरून उलट दिशेला, फुले मंडईकडून काळबादेवीत शिरा.