देणगी दिली, पण शाळा पाहिली का?

१९२० साली ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, शाहू महाराज नागपूरला आले होते. ३० मे ते १ जून असे तीन दिवस इथे अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, अध्यक्ष महाराज. बाबासाहेबही होते. आपल्या उन्हाची कल्पना असलेल्या माणसाला सांगायला नको, कोल्हापूरच्या राजाने त्या दिवसांत इथे येऊन बसणं म्हणजे काय.

मुलाच्या मनपा शाळेत मी व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. त्यामुळे महाराजांच्या कारभारातल्या शाळा मला जास्त ओढतात. शाळांना पैसे देणारे संस्थानिक बरेच झाले. महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा रुपया मजुराच्या घराला बोचणारच, आणि तो बोचावा म्हणूनच होता. मला ही सक्ती जुलमाची वाटत नाही. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ ला अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ ला ती सगळ्या संस्थानात नेली, तेही याच वाटेने.

पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो १९१९ चा हुकूम. अस्पृश्य मुलांसाठी तोवर वेगळ्या शाळा होत्या. त्या बंद करून मुलांना सगळ्यांसोबत एकाच शाळेत बसवा, असं महाराजांनी फर्मावलं. नुसता देणगीदार असता तर त्याने त्या वेगळ्या शाळेला आणखी एक खोली बांधून दिली असती, आणि लोकांनी हारही घातले असते.

इंग्लंडमधली इटन शाळा सहाव्या हेन्री राजाने १४४० मध्ये काढली, ७० गरीब मुलांना फुकट शिकवायला. हळूहळू फी भरणारी बड्या घरची मुलं आली आणि शाळा त्यांचीच झाली. १८६१ मध्ये लॉर्ड क्लॅरेंडन यांच्या अध्यक्षतेखाली इटनसह नऊ जुन्या शाळांची चौकशी बसली. पैसा कुठे जातो, शिकवतात काय, सगळं तपासलं. १८६८ च्या कायद्याने त्यातल्या सात शाळांवर नवी नियामक मंडळं आली. कारभार सुधारला, पण गरीब पोरांची शाळा म्हणून इटन काही परत मिळाली नाही. राजाचं दान शाबूत राहिलं, ते कोणासाठी होतं हे बघणारं कोणी उरलं नाही.

आपली नागपूरच्या भोसल्यांची गादी तर इंग्रजांनी १८५४ मध्येच खालसा केली. म्हणून मला जाईबाई चौधरींचं फार अप्रूप आहे. हमाली करून पोट भरलेली ही बाई, १९२२ मध्ये तिने नागपुरात संत चोखामेळा मुलींची शाळा काढली. मागे ना संस्थान, ना खजिना.

शाळा कोणासाठी आहे हे बघायचं काम आता कायद्याने आपल्याकडे, पालकांकडे आलंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं आहे. शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, हे समितीचं काम. प्रत्यक्षात बऱ्याच बैठका चहा आणि सहीवर संपतात.

आमच्या शाळेत एका देणगीदाराने पाण्याची टाकी दिली. संगमरवरी पाटी, सोनेरी अक्षरं, खाली चार चकचकीत तोट्या. जोडणीच झाली नव्हती. पोरं घरून बाटल्या आणत होती. बैठकीत सगळे देणगीदाराच्या आभाराचा ठराव वाचत असताना धुण्याभांड्याची कामं करणारी एक सदस्य बाई उठली आणि म्हणाली, "पाटी त मस्त लावली सर, पन नळाले पानी कधी येईन?"

खोलीत कोणाकडेच उत्तर नव्हतं. मी आभाराचा ठराव बाजूला ठेवायला लावला आणि तिचा प्रश्न तिच्या नावासकट इतिवृत्ताच्या वहीत लिहून घेतला. पुढच्या बैठकीत पहिला विषय जोडणीचा आहे.